वाचकांचे प्रश्न: व्हीएमचं नेटवर्क कार्ड खोटं असतं, पण किती खोटं?

प्रश्न: सर, अंधेरीला आमच्या ऑफिसात एकच मोठा सर्व्हर आहे, त्याच्यावर केव्हीएम (लिनक्समधली व्हीएम चालवायची सोय) टाकून बऱ्याच व्हीएम, म्हणजे सॉफ्टवेअरमधले कॉम्प्युटर, चालवतोय. त्यातल्या एका जुन्या व्हीएममधून मोठी फाइल कॉपी करायला घेतली की होस्टवर, म्हणजे मूळ सर्व्हरवर, क्यूएमूची (व्हीएमला खोटं हार्डवेअर दाखवणाऱ्या प्रोग्रामची) प्रोसेस अख्खा कोअर खाऊन टाकते आणि कॉपी तरी रडतखडतच. बाकीच्या व्हीएम मस्त पळतात. गंमत म्हणजे एथटूल (कार्डाची माहिती देणारी कमांड) लावलं तर जुनी व्हीएम स्पीड १००० एमबीपीएस सांगते आणि चांगल्या चालणाऱ्या व्हीएममधे स्पीडसमोर चक्क अननोन येतं. मग चांगलं कार्ड नक्की कुठलं? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर: चांगलं ते अननोनवालं. तो १००० चा आकडा नाटकी आहे हो, त्याच्यावर जाऊ नका.

तुमच्या जुन्या व्हीएममधे एथटूलला मायनस आय देऊन बघा, ड्रायव्हरचं नाव बहुतेक ई१००० दिसेल. हा इंटेलच्या खऱ्या गिगाबिट कार्डांचा ड्रायव्हर, आणि क्यूएमू त्यातल्या ८२५४०ईएम नावाच्या चिपचं सोंग घेतं, म्हणजे त्या चिपचं एकेक रजिस्टर (चिपमधला छोटा नोंदीचा कप्पा) सॉफ्टवेअरमधे जसंच्या तसं वठवतं. आतल्या कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) पत्ताच नसतो, तो बिचारा समजतो की समोर सिलिकॉन आहे. खऱ्या चिपच्या स्टेटस रजिस्टरमधे १००० असायचं म्हणून इथेही १०००, बास. वायरच नाही तर वायरचा स्पीड कुठून येणार, होस्टला झेपलं तर त्याच्या वरही जाईल आणि नाही झेपलं तर अर्ध्यातही अडकेल.

आता कोअर का खातो ते. ई१००० मधेही पॅकेटं मेमरीतल्या रिंगमधूनच (गोल फिरणाऱ्या रांगेतूनच) जातात, तो भाग वाईट नाही. पण नवं पॅकेट ठेवलं की टेल रजिस्टर लिहा, इंटरप्ट (कार्डाने प्रोसेसरला मारलेली हाक) आला की कशामुळे आला ते कारणाचं रजिस्टर वाचा, मग इंटरप्ट परत चालू करायला अजून एक लिहा. खऱ्या कार्डावर हे स्वस्तात होतं. व्हीएममधे मात्र अशा प्रत्येक रजिस्टरला हात लागला की प्रोसेसर गेस्टमधून (व्हीएमच्या आतल्या सिस्टिममधून) बाहेर पडतो, केव्हीएमकडे जातो, तिथून युजरस्पेसमधल्या (कर्नलबाहेरच्या) क्यूएमूकडे, क्यूएमू विचार करतं की खऱ्या चिपने आता काय केलं असतं, आणि मग परत सगळं उलट आत. एखाद्याच पॅकेटला हे झालं तर ठीक, सेकंदाला लाखभर पॅकेटं असली की तुमचा कोअर यातच संपतो.

ह्याच दुखण्यावर काढलेलं औषध म्हणजे व्हर्टआयओ, तुमच्या चांगल्या व्हीएममधे बहुतेक तेच कार्ड आहे. रस्टी रसेल नावाचा ऑस्ट्रेलियन कर्नल डेव्हलपर, त्याने बघितलं की झेनचा (केव्हीएमसारखंच व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) वेगळा ड्रायव्हर, दुसऱ्याचा वेगळा, जो येतो तो आपली चूल मांडतोय, तर सगळ्यांना मिळून एकच काहीतरी असावं. ते जानेवारी २००८ च्या २.६.२४ कर्नलमधे आलं. मूळ विचार अगदी साधा, गेस्टला सरळ सांगून टाकायचं की बाबा तू व्हीएममधे आहेस, कुठल्याही चिपची नक्कल होणार नाही, आपण दोघं मेमरीतल्या एका रिंगवर व्यवहार करू.

माटुंग्याच्या उडप्याकडे किचनची खिडकी बघितलीत ना? वेटर चिठ्ठी खिडकीत खोचतो आणि निघून जातो, आतला माणूस एकामागून एक चिठ्ठ्या उचलतो, झालेल्या प्लेटा बाजूला सरकवतो. घंटी वाजवायची ती फक्त आतला माणूस रिकामा बसलेला असेल तर, तो कामात असताना कोणी घंटी वाजवली तर शिव्याच बसतील. व्हर्टआयओत चिठ्ठ्यांची बाजू म्हणजे अव्हेलेबल रिंग, प्लेटांची बाजू म्हणजे यूज्ड रिंग, आणि घंटीला किक म्हणतात. किक मारली की गेस्टमधून बाहेर पडणं आलंच, पण होस्ट आधीच रिंग उपसत असेल तर तो सांगून ठेवतो की सध्या किक नको. म्हणजे गर्दी जितकी जास्त तितक्या पॅकेटमागे घंट्या कमी. ई१००० ला असलं काही सांगायची सोयच नाही कारण खऱ्या चिपला त्याची गरज नव्हती.

पुढे २०१० मधे २.६.३४ कर्नलमधे व्हीहोस्ट-नेट आलं आणि पॅकेट उचलायचं काम क्यूएमूकडून काढून होस्टच्या कर्नलमधल्या थ्रेडकडे दिलं, म्हणजे मधली युजरस्पेसची फेरीही गेली. तुमच्या बाकीच्या व्हीएम मस्त पळतात त्या ह्याच्यामुळे, होस्टवर टॉप लावलंत तर व्हीहोस्ट नावाचे थ्रेड दिसतील. आणि त्या अननोनचं म्हणाल तर वायर नाही म्हणून स्पीड माहीत नाही असं ते प्रामाणिकपणे सांगतंय.

करायचं काय, तर व्हीएम बंद करून लिबव्हर्टच्या (व्हीएम सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) एक्सएमएलमधे इंटरफेसचा मॉडेल टाइप ई१००० चा व्हर्टआयओ करा, मॅक ॲड्रेस (कार्डाचा ओळख नंबर) तोच राहू द्या. आत लिनक्स असेल तर ड्रायव्हर आधीच असतो. व्हीएमला चार-आठ व्हीसीपीयू (व्हीएमला दिलेले प्रोसेसर) दिले असतील तर मल्टिक्यूही (एकाऐवजी अनेक रांगा) चालू करा, ३.८ कर्नलपासून आहे, नाहीतर सगळा भार एकाच क्यूवर पडतो.

प्रश्न: दादा मी डिप्लोमाला आहे, एका व्हिडिओत बघून विंडोजच्या व्हीएमचं कार्ड व्हर्टआयओ केलं तर नेटच गेलं. ड्रायव्हर डाउनलोड करायला नेट पाहिजे आणि नेटला ड्रायव्हर पाहिजे, आता? (काळाचौकी)

उत्तर: सगळ्यांचं होतं हे. विंडोजच्या डब्यात व्हर्टआयओचा ड्रायव्हर येत नाही. होस्टवरून व्हर्टआयओ-विन नावाची आयएसओ (सीडीची फाइल) उतरव, फेडोरा प्रोजेक्ट देतं, फुकट आहे, ती व्हीएमला सीडी म्हणून जोड आणि आत जाऊन नेटकेव्हीएम हा ड्रायव्हर टाक, झालं. पुढच्या वेळी मात्र जुनं कार्ड काढायच्या आधी दुसरं कार्ड व्हर्टआयओचं लाव, ड्रायव्हर बसला की मग जुनं काढ. आणि एक, उत्साहाच्या भरात बूट डिस्क पण व्हर्टआयओ करू नकोस हां, ड्रायव्हर न बसवता केलंस तर नुसतं नेट जाणार नाही, विंडोजच उठणार नाही.

प्रश्न: नमस्कार, एकाच होस्टवर दोन लिनक्स व्हीएम आहेत, दोन्हीत व्हर्टआयओ. एकीत डीएचसीपी (बाकीच्यांना आयपी वाटणारा) सर्व्हर चालवते, दुसरी तिच्याकडून आयपी मागते. सर्व्हरच्या लॉगमधे ऑफर गेलेली दिसते, दुसऱ्या बाजूला टीसीपीडंपमधे (पॅकेटं दाखवणाऱ्या कमांडमधे) ती पोचलेलीही दिसते, पण यूडीपी चेकसम चुकीचा असं येतं आणि क्लायंट ती घेतच नाही. रॅम खराब आहे का? सहकारी म्हणतात रॅम बदला. (एक वाचक, गोरेगाव)

उत्तर: ताई, रॅमचे पैसे वाचवा. तुमचा प्रश्न मला फार आवडला कारण ह्यात कोणीच खोटं बोलत नाहीये आणि तरी काम अडलंय.

आजकाल चेकसम (पॅकेट वाटेत बिघडलं का ते तपासायची बेरीज) काढायचं काम कर्नल स्वतः करत नाही, कार्डावर ढकलतो. पॅकेटवर खूण करून देतो की चेकसम बाकी आहे, बाहेर पाठवताना भर. खरं कार्ड वायरवर टाकायच्या क्षणी भरतं. व्हर्टआयओने पण हीच सोय दिलीय, प्रत्येक पॅकेटच्या पुढे एक छोटं हेडर असतं त्यात ही खूण जाते. आता तुमच्या दोन्ही व्हीएम एकाच होस्टवर, पॅकेट एका रिंगमधून टॅपवर (व्हीएमच्या कार्डाचं होस्टवरचं टोक), टॅपवरून ब्रिजवर (सॉफ्टवेअरमधला स्विच), ब्रिजवरून दुसऱ्या टॅपवर, आणि दुसऱ्या रिंगमधे. वायर लागलीच नाही! मेमरीतून मेमरीत गेलं त्यात बिघडणार काय, म्हणून वाटेत कोणीच चेकसम भरला नाही, आणि पलीकडच्या कर्नलला ती खूण दिसते म्हणून त्याचीही तक्रार नसते. एसएसएच, वेब सगळं चालतं ते त्यामुळे.

पण डीएचसीपी क्लायंटची गोष्ट वेगळी. त्याला अजून आयपीच नाही, म्हणून तो नेहमीच्या सॉकेटच्या वाटेने न जाता रॉ सॉकेटवरून पॅकेट कच्चं उचलतो आणि चेकसम स्वतः तपासतो. खुणेकडे बघतच नाही. जुळला नाही की फेकून देतो. नवीन क्लायंट कर्नलला विचारून घेतात की हा चेकसम बाकी होता का, जुने विचारत नाहीत, तुमचा जुन्यांतला असणार.

उपाय दोन. क्लायंट नवा करा, हा खरा उपाय. नाहीतर सर्व्हरवाल्या व्हीएममधे आयपीटेबल्सच्या (लिनक्समधल्या पॅकेटांच्या नियमांच्या) मँगल टेबलमधे यूडीपी पोर्ट ६८ साठी चेकसम भरायचा नियम टाका, तो खास ह्याच भानगडीसाठी कर्नलमधे आहे, लिबव्हर्टही स्वतःच्या नेटवर्कवर आयपीटेबल्स वापरताना हाच नियम टाकतं. एथटूलने सर्व्हरवाल्या व्हीएमचं टीएक्स चेकसम बंद करूनही चालेल पण मग त्या व्हीएमचं प्रत्येक पॅकेट सीपीयूवर मोजलं जाणार, आणि चेकसम गेला की ६४ केबीचे मोठे तुकडे एकदम पाठवायची सोय पण जाते. एका डीएचसीपीपायी एवढं मोजू नये असं माझं मत.

प्रश्न: घरी वायफाय आहे, लॅपटॉपवरच्या व्हीएमला ब्रिज करून राउटरकडून वेगळा आयपी द्यायचा होता, होत नाही. (कांदिवली)

उत्तर: होणारही नाही. वायफायचा राउटर फक्त जोडलेल्या मॅक ॲड्रेसकडूनच फ्रेम घेतो, व्हीएमचा मॅक वेगळा, क्यूएमूचे ५२:५४:०० ने सुरू होतात, त्याची ओळख नाही. ह्यात व्हर्टआयओचा किंवा ड्रायव्हरचा काही दोष नाही. एनएटी (व्हीएम लॅपटॉपच्याच आयपीतून बाहेर जाते) वापरा, किंवा राउटरपासून केबल ओढा.

प्रश्न: सर, आमची जुनी इमेज ॲमेझॉनच्या मुंबई रीजनमधे चालते. नवीन प्रकारच्या इन्स्टन्सवर हलवली तर स्टार्ट होते पण एसएसएच लागत नाही, जुन्या प्रकारावर परत आणली की सगळं नीट. सिक्युरिटी ग्रुप (ॲमेझॉनचा फायरवॉल) दहा वेळा तपासला. (विक्रोळी)

उत्तर: सिक्युरिटी ग्रुप सोडा, आत ड्रायव्हर बघा. मुंबई रीजन जून २०१६ मधे सुरू झालं तेव्हाचे इन्स्टन्स झेनवर चालायचे, त्यांचं साधं कार्ड झेन-नेटफ्रंट हा ड्रायव्हर चालवायचा. नवीन नायट्रोवाल्या (ॲमेझॉनची व्हीएम चालवायची नवी व्यवस्था) इन्स्टन्सवर झेन नाही आणि व्हर्टआयओही नाही, तिथे ईएनए नावाचं कार्ड थेट व्हीएमला दिलेलं असतं, पलीकडे खरं हार्डवेअर बसलंय. त्याचा ड्रायव्हर मेनलाइन (मूळ लिनक्सच्या) कर्नलमधे ४.९ ला आला, तोही २०१६ च. गूगलच्या क्लाउडचा असाच जीव्हीई म्हणून आहे, तो ५.३ मधे, २०१९ ला. म्हणजे जो येतो तो आपली चूल मांडतोय हे परत सुरू झालंय, पण ते असो.

तुमची इमेज जुन्या कर्नलची असेल तर तिला ते कार्ड ओळखताच येत नाही, मग आयपी नाही आणि एसएसएच नाही. जुन्या प्रकारावर परत आणा, मॉडइन्फो ईएनए (ड्रायव्हर आहे का ते सांगणारी कमांड) करून बघा, काही डिस्ट्रो जुन्या कर्नलमधेही हा ड्रायव्हर मागे आणून देतात म्हणून नुसता कर्नलचा नंबर बघून ठरवू नका. नसेल तर कर्नल अपडेट करा, डिस्कसाठी एनव्हीएमईचा ड्रायव्हर इनिटरामएफएसमधे (बूट होताना आधी लोड होणाऱ्या छोट्या फाइलसिस्टिममधे) आहे ना तेही त्याच वेळी बघा, इन्स्टन्सवर ईएनए सपोर्ट चालू करा. इंटरफेसचं नाव ईटीएच० वरून ईएनएस५ वगैरे होऊ शकतं, तेव्हा कॉन्फिगमधे जुनं नाव हाताने लिहिलेलं असेल तर ते काढून मगच हलवा.