‘एन ६’ की ‘जे २’? जवळची नजर तपासायची कार्डं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईंचं वय बासष्ट. पुण्यात दोन दुकानांत जवळची नजर तपासली. एकाने चिठ्ठीवर ‘एन ६’ लिहिलं, दुसऱ्याने ‘जे २’. यातलं खरं कोणतं, आणि घरी मोबाइलवरच्या तक्त्यावर पडताळता येईल का?

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानात दिवसभर हीच कार्डं हाताळतो. दोन्ही बरोबर असू शकतात. मुळात हा चष्म्याचा नंबर नाहीच. कार्डावरची सगळ्यात बारीक कोणती ओळ वाचता आली, एवढंच त्यातून कळतं. नंबर असतो तो ‘ॲड’समोर (जवळचं वाचायला लांबच्या नंबरात जी भर घालतात ती), +२.५० वगैरे. आधी दोन्ही चिठ्ठ्यांवरचा तो आकडा जुळतो का बघा.

‘जे’ म्हणजे व्हिएन्नाचे डॉक्टर येगर. त्यांनी १८५४ मध्ये तिथल्या सरकारी छापखान्यातले टाइप घेऊन उतारे छापले आणि बारीकपासून मोठ्यापर्यंत क्रमांक दिले. तो नुसता क्रम होता, माप नव्हे. पुढे ज्याला जे टाइप मिळाले ते त्याने लावले, त्यामुळे दोन कंपन्यांचं ‘जे २’ एकाच आकाराचं असेलच असं नाही. ‘जे’चं ‘एन’ करून देणारी कोष्टकं नेटवर मिळतात, त्यांच्यावर विसंबू नका.

‘एन’ जास्त सरळ. एन ८ म्हणजे टाइम्स रोमन या इंग्रजी फॉन्टचा ८ पॉइंट टाइप, आणि पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग. आपल्याकडे बहुतेक जण हेच लिहितात. गोम आहे ती कार्डाच्या मराठी बाजूला. पॉइंटमध्ये वरच्या मात्रा-वेलांट्या आणि खालचे उकार यांचीही जागा धरलेली असते; मधलं अक्षर किती मोठं उरतं ते फॉन्टवर ठरतं. म्हणून मराठी ओळीचं एन ६ आणि इंग्रजी ओळीचं एन ६ एकच मानू नये. कोणती बाजू वाचून घेतली ते मी चिठ्ठीवर लिहितो. वाचून घेताना माझं लक्ष ‘घ-ध’ आणि ‘भ-म’वर असतं, कारण तिथे सगळा फरक शिरोरेषेतल्या एवढ्याशा फटीचा. अर्थात पूर्ण वाक्य असलं की लोक अंदाजानेही दडपून नेतात. तेच कार्ड वर्षानुवर्षं बघितलेले काका तर पाठच म्हणून दाखवतात!

मला स्वतःला ‘एमएनरीड’सारखे वाक्यांचे तक्ते सरस वाटतात. प्रत्येक वाक्य सारख्याच लांबीचं, आकार ठरलेल्या प्रमाणात उतरत जाणारा, आणि वेळ घड्याळावर मोजायची. कोणत्या आकाराखाली वाचनाचा वेग पडतो ते त्यात दिसतं. डोळे ताणून एन ६ची एक ओळ काढणं वेगळं आणि अर्धा तास पेपर वाचणं वेगळं. पण दुकानात गिऱ्हाईक उभं असताना एवढा वेळ कोण देतो?

कार्डापेक्षाही जास्त घोळ अंतराचा होतो. चाळिशी लागल्यावर माणूस नकळत हात लांब करतो आणि ओळ वाचून मोकळा होतो. ३३ सेंटिमीटरवर नजर जुळवायला ३ डायऑप्टर (चष्म्याचा नंबर ज्यात मोजतात ते एकक) लागतात, ४० वर अडीच, ५० वर २. समजा आई पोथी मांडीवर न घेता चौरंगावर ठेवून वाचतात आणि तपासणी झाली ३३ वर, तर चिठ्ठीवर एन ६ येऊनही पोथी धूसरच दिसणार. पुढच्या वेळी ती पोथीच दुकानात न्या आणि घरी असते तेवढ्या अंतरावर धरून दाखवा.

मोबाइलवरचा तक्ता सोडून द्या, स्क्रीनप्रमाणे अक्षर लहानमोठं होतं. प्रिंट काढलीत तर ‘फिट टू पेज’ बंद ठेवा आणि पट्टीने मोजा: ‘एम’ मापाच्या (हेही अक्षराच्या आकाराचंच एक माप) तक्त्यात ४ एमचं अक्षर ५.८ मिलिमीटर उंच यायला हवं. कार्डाला ४० सेंटिमीटरची दोरी बांधा, तिचं टोक आईंच्या डोळ्याच्या कडेशी धरा. वाचायचा चष्मा लावून एकेक डोळा झाकून वाचायला सांगा, आणि दर वेळी तोच दिवा, तीच खुर्ची.

एका डोळ्याने सरळ ओळ वाकडी दिसली किंवा मधलीच अक्षरं गायब झाली, तर चष्म्याच्या दुकानात येऊ नका. लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जाऊन पडदा तपासून घ्या.