60 हजारांत सरावाचं पिस्तूल

परभणीहून तुम्ही विचारलंय: मुलगी बारावीत आहे, एनसीसीत नेमबाजीची गोडी लागली, आता घरीच रोज हवेच्या पिस्तुलानं 10 मीटरवरून सराव करायचाय आणि खर्चायला 60 हजार आहेत. गॅसच्या कॅप्सूलवर चालणारं, हुबेहूब पोलिसांच्या पिस्तुलासारखं दिसणारं एक स्वस्तात मिळतंय, ते घेऊ का?

नका घेऊ, दादा. आम्ही चौघं लातूरला एका आडत्याच्या पत्र्याच्या गोदामात सराव करतो. तिथं मी असलंच पिस्तूल दोन उन्हाळे वापरलंय. कॅप्सूलमध्ये द्रवरूप कार्बन डायऑक्साइड असतो, त्याचा थोडाथोडा गॅस होत राहतो म्हणून दाब टिकतो. पण 31 अंशांच्या वर तो द्रव राहतच नाही. आपल्याकडं मे महिन्यात पत्र्याखाली काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. पहिल्या गोळ्या जोरात जातात आणि पुढची प्रत्येक गोळी आधीच्यापेक्षा मंद. डिसेंबरच्या सकाळी थंडीनं दाबच कमी, पहिल्या गोळीपासूनच मंद. पोरीला वाटतं हात चुकला, आणि चूक असते हवामानाची. त्यात ही दिखाऊ पिस्तुलं बहुतेक पोलादी छऱ्यांची. छरा पत्र्यावर आपटून उलटा येतो. डोळ्याशी खेळ नको.

नळी मोडून भरायचं स्प्रिंगचं पिस्तूल सर्वात स्वस्त. पण आतला पिस्टन धावतो तेव्हा गोळी नळीतून बाहेर पडायच्या आधीच पिस्तूल हलतं. सवय चुकीची लागते आणि 60 वेळा नळी मोडून खांदा भरून येतो तो वेगळाच.

तुमच्या पैशात दोनच वाटा बऱ्या. एक, एकाच झटक्यात हवा भरणारं पिस्तूल. दांडी ओढून दाबली की एका गोळीपुरती हवा भरते. सिलिंडर नाही, पंप नाही, प्रत्येक गोळी सारख्या जोराची. जुनं रशियन बैकाल आयझेडएच-46एम कुठं मिळालं तर डोळे झाकून नाही, पण डोळे उघडे ठेवून नक्की घ्या. अवजड आहे, दिसायला नांगरासारखं, पण मारतं सरळ.

दुसरी वाट म्हणजे दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवालं जुनं मॅच पिस्तूल, म्हणजे स्पर्धेचं. स्टायर, मोरिनी, वॉल्थर, पार्डिनी या कंपन्यांची नवी घ्यायची तर लाखाच्या वर जातात. पण खेळणारी पोरं पुढचं मॉडेल घेतात तेव्हा आधीचं विकतात. थोडं थांबायची तयारी हवी.

जुनं घेताना सिलिंडरवरची तारीख आधी बघा. तयार झाल्यापासून 10 वर्षंच वापरा, असं बहुतेक कंपन्या सांगतात. मी स्वतः फसलोय. पिस्तूल चकाचक, मूठ हातात चपखल, विकणारा गोड बोलणारा, आणि घरी येऊन चष्मा लावला तर सिलिंडर 3 वर्षांपूर्वीच बाद. नव्या सिलिंडरसाठी अडीच महिने थांबलो. दुसरं, रात्री 200 बारपर्यंत (बार म्हणजे हवेच्या दाबाचं माप) भरून ठेवायला सांगा आणि सकाळी काटा बघा. काटा खाली आला तर सील गेलंय.

मग ट्रिगर. स्पर्धेच्या नियमात तो ओढायला किमान 500 ग्रॅमचा जोर लागला पाहिजे. त्यासाठी महागडं यंत्र नको, किराणा दुकानातलं अर्ध्या किलोचं वजन पुरे. पिस्तूल रिकामं पण चढवलेलं, नळी वर. दोरीनं वजन ट्रिगरला अडकवून हळूच उचला. वजन जमिनीवरून उठेपर्यंत ट्रिगर सुटला नाही तर ट्रिगर नियमात. इलेक्ट्रॉनिक ट्रिगरच्या मागं आत्ताच लागू नका. 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकला मनू भाकरचं पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडलं होतं. तिच्यामागं प्रशिक्षक तरी होते, परभणीत असला ट्रिगर कोण उघडणार?

मूठ मुलीच्या पंजाची हवी. बापाच्या हाताला बसली म्हणून घेतलेली मूठ पुढं वर्षभर लाकडाची लांबी भरून आणि कानस मारूनच सरळ होते. तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर अलगद टेकलं पाहिजे, ताणून नाही. आणि पिस्तूल साधारण किलोभर, तेही एका हातात. घ्यायच्या आधी आठ दिवस भरलेला तांब्या हात लांब करून धरायला लावा, कळेल.

सगळे पैसे पिस्तुलात घालू नका. रोज 60 गोळ्या, महिन्याला 25 दिवस, म्हणजे 1500. 500 चे 3 डबे झाले. सपाट डोक्याच्याच घ्या, कागदाला गोल स्वच्छ भोक पडतं, गुण वाचता येतात. दहाचं वर्तुळ 11.5 मिलिमीटरचं असतं, रुपयाच्या नाण्याच्या साधारण निम्मं. तिथं फाटका कागद चालत नाही. शिसं असतं, तेव्हा हात धुतल्याशिवाय डबा उघडू देऊ नका, जेवणाचा म्हणतोय.

परवान्याचं विचारलंत. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार .177 इंच नळीपर्यंतची आणि 20 ज्यूलपर्यंतच्या जोराची हवाई शस्त्रं विनापरवाना घेता येतात, मॅच पिस्तूल त्याच्या निम्म्याचंही नसतं. तरी बिल तुमच्या नावानं घ्या, पेटीतच न्या. एसटीत पिशवीतून दस्ता बाहेर डोकावला तर कंडक्टरला नियम समजावत बसावं लागेल.

पैसे देण्याआधी एखाद्या रविवारी मुलीला घेऊन लातूरला या. आमच्या चौघांची चार वेगवेगळी पिस्तुलं आहेत, हातात धरून बघू दे. वजन आणू नका, आडत्याकडं अर्ध्या किलोचं आहे.