१६ जीबी रॅमसाठी 'बरोबर' सिसकंट्रोल व्हॅल्यू कोणत्या? आधी काउंटर बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की १६ जीबीचा लिनक्स सर्व्हर आहे, गर्दीच्या वेळी वेबसाइटची कनेक्शन्स टाइमआउट होतात, कुठूनतरी सिसकंट्रोलची (sysctl, म्हणजे कर्नलच्या, लिनक्सच्या गाभ्याच्या, सेटिंग बदलायची सोय) चाळीसेक ओळींची यादी उचलून टाकली, त्यातल्या टीसीपी_टीडब्ल्यू_रिसायकलच्या ओळीवर 'अशी की (key, सेटिंगचं नाव) नाही' म्हणून एरर आला, बाकीच्या गपचूप बसल्या, फरक मात्र काहीच पडला नाही. तर आता एवढ्या रॅमला योग्य आकडे कोणते.

रॅमवरून असे आकडे ठरत नाहीत हो. जिथे रॅमचा संबंध आहे तिथे कर्नल बूट होतानाच स्वतः हिशोब करतो, टीसीपीला एकूण किती मेमरी द्यायची, एकूण थ्रेड किती होऊ द्यायचे, हे तो मशीन बघूनच ठरवतो. उरलेली व्हेरिएबल्स म्हणजे कुठल्यातरी रांगेची, टेबलची किंवा वेळेची मर्यादा. ती मर्यादा तुमच्या मशीनवर खरंच गाठली जातेय का हे बघितल्याशिवाय तिला हात लावायचा नाही, आणि गाठली जातेय हे सांगणारा काउंटर बहुतेक ठिकाणी कर्नलमध्येच असतो. मी आता तरी एवढ्यावरच काम करतो.

या याद्या आल्या कुठून ते कळलं की त्यांच्यावर किती विश्वास ठेवायचा तेही कळतं. जुन्या युनिक्समध्ये कर्नलची टेबलं ठरलेल्या साइजची असायची. बीएसडीत मॅक्सयुझर्स नावाचा एकच आकडा कर्नलच्या कॉन्फिगमध्ये द्यायचा आणि त्यावरून बाकीची टेबलं मोजली जायची, प्रोसेस टेबल म्हणजे २० अधिक १६ गुणिले मॅक्सयुझर्स. सिस्टम फाइव्ह घराण्यात आकडा बदलला की कर्नल पुन्हा लिंक करा, मशीन रीबूट करा. सोलारिसमध्ये /ईटीसी/सिस्टम मध्ये एखादी ओळ चुकली तर मशीन उठायचंच नाही अशी वेळ यायची. चालू मशीनवर आकडा बदलायची सोय म्हणून ४.४ बीएसडीत सिसकंट्रोल आलं, लिनक्सने तेच झाड /प्रॉक/सिस खाली फाइल्सच्या रूपात दाखवलं. त्या काळात डीफॉल्ट खरोखर तोकडे होते, डेटाबेस टाकायचा तर शेअर्ड मेमरीची मर्यादा वाढवायलाच लागायची कारण लिनक्समध्ये कर्नल.एसएचएममॅक्स फक्त ३२ एमबी होतं. पण २०१३ मध्ये पोस्टग्रेस ९.३ ने त्या प्रकारच्या मेमरीचा वापर जवळजवळ बंदच केला आणि पुढच्याच वर्षी लिनक्स ३.१६ ने ती मर्यादा व्यवहारात काढूनच टाकली. यादीतली ओळ मात्र अजून फिरतेय, आणि गंमत नाही, आज ती ओळ टाकली की तुम्ही मर्यादा वाढवत नाही तर खाली आणता. नेट.कोअर.सोमॅक्सकॉनचंही (प्रोग्रामने उचलण्याची वाट बघणाऱ्या कनेक्शन्सच्या रांगेची मर्यादा) तसंच, आधी १२८ होतं, लिनक्स ५.४ पासून ४०९६ झालं, आणि जुन्या यादीत १०२४ लिहिलेलं असतं. म्हणजे ट्यूनिंग म्हणून तुम्ही रांग चौपट लहान करून बसता. तुमच्या चाळीस ओळी आधी डीफॉल्टशी ताडून बघा, अशा किती सापडतात ते.

आता तुमचा टाइमआउट. तुमच्या यादीत सोमॅक्सकॉन ६५५३५ आहे तरी फरक पडला नाही, याचं कारण बहुधा असं की ती नुसती कमाल मर्यादा आहे. प्रोग्राम लिसन कॉल करताना स्वतःचा बॅकलॉग (रांगेची लांबी) सांगतो आणि या दोन आकड्यांपैकी जो लहान तोच लागू होतो, कुठेही वॉर्निंग येत नाही. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर लिनक्सवर न सांगता ५११ मागतो, अपाचेचंही ५११ च. म्हणजे तिकडे ६५५३५ करा नाहीतर दहा लाख करा, रांग ५११ चीच. शिवाय हा आकडा लिसन करतानाच ठरतो, त्यामुळे सर्व्हिस रीस्टार्ट केल्याशिवाय नवीन मर्यादा लागत नाही. बघायचं कसं तर एसएस कमांडला एल, एन, टी लावून चालवा, लिसनच्या ओळीत रिसीव्ह-क्यू म्हणजे सध्या रांगेत उभी असलेली कनेक्शन्स आणि सेंड-क्यू म्हणजे त्या रांगेची खरी मर्यादा (बाकीच्या ओळींत या दोन कॉलमांचा अर्थ वेगळा असतो, तिथे गोंधळू नका). मग एनस्टॅट कमांडमध्ये लिसनओव्हरफ्लोज आणि लिसनड्रॉप्स हे दोन काउंटर गर्दीच्या वेळी दर दहा सेकंदांनी बघा. वाढत असतील तर रांग भरतेय. रांग भरली की कर्नल नवीन सिन पॅकेट (कनेक्शन मागणारं पहिलं पॅकेट) गुपचूप टाकून देतो, क्लायंट एक सेकंदाने पुन्हा पाठवतो, मग दोन, मग चार, म्हणून युजरला साइट कधी पटकन तर कधी तीन-सात सेकंदांनी उघडते असं वाटतं. हे लक्षण जुळत असेल तर बॅकलॉग वाढवा पण सोबत हेही बघा की अ‍ॅप कनेक्शन उचलायला इतका उशीर का करतंय, कारण वर्कर सगळे डेटाबेसच्या नावाने थांबलेले असतील तर लांब रांगेने एवढंच होईल की लोक जास्त वेळ उभे राहतील आणि शेवटी टाइमआउटच होतील. क्षणिक लोंढा असेल तरच मोठी रांग उपयोगाची.

काउंटर हलतच नसतील तर रांगेचा विषय सोडून द्या आणि बाहेर जाणाऱ्या कनेक्शन्सकडे बघा, विशेषतः पुढे प्रॉक्सी आणि मागे एकच बॅकएंड असेल तर. आयपी_लोकल_पोर्ट_रेंज डीफॉल्टने ३२७६८ ते ६०९९९, म्हणजे २८२३२ पोर्ट. दर रिक्वेस्टला नवं कनेक्शन उघडून प्रॉक्सीनेच ते बंद केलं तर पोर्ट ६० सेकंद टाइम-वेटमध्ये (बंद झाल्यावर थांबून राहण्याची अवस्था) अडकतो, म्हणजे एका बॅकएंडच्या एका पोर्टकडे सेकंदाला साधारण ४७० च्या वर टिकाव धरत नाही, मग लॉगमध्ये 'कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड अ‍ॅड्रेस' दिसायला लागतं. यावर सगळ्या याद्या टीसीपी_फिन_टाइमआउट कमी करायला सांगतात आणि ते साफ चूक आहे, तो आकडा फिन-वेट-२ (समोरच्याने बंद करण्याची वाट बघणं) या अवस्थेचा आहे, टाइम-वेटचे ६० सेकंद लिनक्सच्या कोडमध्येच पक्के आहेत, सिसकंट्रोलने हलत नाहीत. आधी बॅकएंडकडे कीप-अलाइव्ह (तेच कनेक्शन पुन्हा वापरणं) सुरू करा, त्याने पोर्टचा प्रश्न मुळातच राहत नाही. नाहीच जमलं तर पोर्ट रेंज वाढवा किंवा टीसीपी_टीडब्ल्यू_रीयुज १ करा, तो फक्त बाहेर जाणाऱ्या कनेक्शनला लागू असतो.

ज्या ओळीवर तुम्हाला एरर आला तिच्याबद्दल मला जरा पोटतिडकीने सांगायचंय. टीसीपी_टीडब्ल्यू_रिसायकल लिनक्स ४.१२ मध्ये, २०१७ साली, काढूनच टाकलं. त्याच्या आधी मी एका नोकरीत असताना हीच ओळ एका सर्व्हरवर होती आणि तक्रार अशी यायची की एकाच ऑफिसातल्या चौघांपैकी एकाची साइट उघडते आणि तिघांची नाही, थोड्या वेळाने उलटं. दोन दिवस आम्ही नेटवर्कवाल्यांच्या मागे लागलो होतो. तो पर्याय चालू असला की कर्नल प्रत्येक आयपीचा शेवटचा टीसीपी टाइमस्टॅम्प लक्षात ठेवायचा आणि त्यापेक्षा जुना टाइमस्टॅम्प घेऊन आलेलं सिन फेकून द्यायचा. एका नॅटमागे (अनेक मशीन एकाच आयपीने बाहेर जातात ती सोय) चार मशीन असतील तर चौघांची घड्याळं वेगळी, आयपी एकच, मग ज्याचा आकडा पुढे त्याचंच चालायचं. शेवटी नेटस्टॅटच्या आकडेवारीत 'टाइमस्टॅम्पमुळे नाकारलेली कनेक्शन्स' ही ओळ वाढताना दिसली आणि उलगडा झाला. ती ओळ कोणी, कधी, कशासाठी टाकली हे फाइलमध्ये कुठेच लिहिलेलं नव्हतं, ते जास्त लागलं.

मेमरीकडचे दोनच सांगतो. व्हीएम.स्वॅपिनेस ६० म्हणजे '६० टक्के रॅम भरली की स्वॅप सुरू' असं बिलकुल नाही. प्रोसेसची पानं बाहेर टाकायची की फाइल कॅश मोकळा करायचा, यात कर्नलने कुठे झुकावं याचं ते वजन आहे, १०० म्हणजे दोन्हींचा खर्च सारखा, आणि लिनक्स ५.८ पासून २०० पर्यंत देता येतं कारण झेडरॅमसारख्या (रॅममध्येच दाबून ठेवलेला स्वॅप) ठिकाणी स्वॅप डिस्कपेक्षा स्वस्त पडतो. ० केलं की कर्नल अगदी गळ्याशी येईपर्यंत स्वॅप टाळतो आणि मग थेट ओओएम किलरपर्यंत (मेमरी संपली की प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग) जाण्याची शक्यता वाढते, तुमच्या यादीत ० आहे, तो काढा. दुसरं व्हीएम.डर्टी_रेशो, डीफॉल्ट २० टक्के, उपलब्ध मेमरीचे. समजा १२ जीबी उपलब्ध आहे तर २.४ जीबी न लिहिलेला डेटा साठू शकतो, आणि डिस्क सेकंदाला १०० एमबी लिहीत असेल तर तो रिकामा व्हायला २४ सेकंद लागतात. बॅकअपच्या वेळी सगळं थिजतं त्याचं कारण कित्येकदा हे असतं. इथे टक्क्यांऐवजी डर्टी_बाइट्स वापरलेलं बरं, ते दिलं की रेशो आपोआप ० दिसतो, घाबरू नका.

बदल टाकताना ओळ /ईटीसी/सिसकंट्रोल.डी मध्ये तुमच्या नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये टाका, वर कमेंटमध्ये जुनी व्हॅल्यू, तारीख आणि कुठला काउंटर बघून बदललं ते लिहा. फाइल्स नावाच्या क्रमाने वाचल्या जातात आणि एकच की दोनदा आली तर शेवटची जिंकते, त्यामुळे 'मी लिहिलंय पण लागत नाहीये' असं झालं तर सिसकंट्रोलला सिस्टम हा पर्याय देऊन चालवा, कुठली फाइल कधी वाचली ते तो दाखवतो. कॉनट्रॅकच्या (कनेक्शन्सची नोंद ठेवणारा कर्नलचा भाग) कीज मॉड्यूल लोड झाल्याशिवाय अस्तित्वातच नसतात, बूटच्या वेळी त्या लागू होत नाहीत त्याचं कारण ते. कंटेनर वापरत असाल तर सोमॅक्सकॉन प्रत्येक नेटवर्क नेमस्पेसचं वेगळं असतं, होस्टवर बदलून आत फरक पडेलच असं नाही, 'व्हीएम.' ने सुरू होणारे आकडे मात्र सगळ्या कंटेनरांना मिळून एकच. फ्रीबीएसडीवर कोणी वाचत असेल तर तिथे सिसकंट्रोलला डी लावलं की प्रत्येक व्हेरिएबलचं वर्णन येतं, लिनक्समध्ये ही सोय नाही याची मला खरंच खंत आहे. फ्रीबीएसडीत काही आकडे फक्त बूटच्या वेळी लोडर.कॉन्फ मधूनच घेतले जातात, चालू मशीनवर ते नुसते वाचता येतात.

तर आज रात्री ती चाळीस ओळींची फाइल बाजूला हलवून मशीन रीबूट करा, नुसती फाइल हलवून जुने आकडे परत येत नाहीत. मग उद्या गर्दीच्या वेळी एसएसच्या लिसनवाल्या ओळी आणि लिसनओव्हरफ्लोजचे दहा मिनिटांच्या अंतराने घेतलेले दोन आकडे इथे टाका, सोबत कर्नलचं व्हर्जनही. बॅकलॉग किती ठेवायचा ते त्यावरून ठरवू.