पानगळ सुरू झाली, आता झाडांचं काय करू? : वाचकांचे प्रश्न

गारवा पडायला लागला की या सदराची पिशवी फुगते. यावेळी निम्मे प्रश्न एकाच गोष्टीचे होते, झाड घरात घेतलं आणि बिघडलं. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

काका, बाहेरचा फायकस थंडी नको लागायला म्हणून घरात आणला तर आठ दिवसांत निम्मी पानं गळाली. मी रोज पाणी घालतेय, खत पण दिलं, तरी गळतायत. गेलं का झाड?

नाही गेलं ताई, पण रोजचं पाणी चालू ठेवलंत तर जाईल, स्पष्टच सांगतो. फायकसला जागा बदललेली आवडत नाही हे तर आहेच, पण खरी भानगड उजेडाची आहे. बाहेर अगदी सावलीत ठेवलेलं झाड असलं तरी त्याला मिळणारा उजेड घरातल्या उजेडापेक्षा कितीतरी पट जास्त असतो, आपले डोळे लगेच सरावतात म्हणून आपल्याला खोली लख्ख वाटते, झाडाला मात्र ती अंधारी कोठी वाटते. मग जेवढी पानं एवढ्या उजेडात पोसता येणार नाहीत तेवढी ते सरळ टाकून देतं. आता पानं निम्मी झाली म्हणजे पाणी ओढणं पण निम्म्यावर आलं, आणि इकडे तुम्ही पानं गळतायत म्हणून पाणी वाढवलंत. माती कायम चिंब, मुळांना हवा नाही, मग मुळं कुजतात आणि कुजलेल्या मुळांचं झाड तहानलेल्या झाडासारखंच मलूल दिसतं, की पुन्हा आपण तांब्या घेऊन हजर!

एखाद्या फांदीची साल नखाने जराशी खरवडून बघा. आत हिरवं, ओलसर दिसलं तर फांदी जिवंत आहे. झाड सगळ्यात उजेडाच्या खिडकीजवळ ठेवा आणि मग कृपा करून हलवू नका. खत बंद, ते थेट वसंतात. आणि पाणी वार बघून नको, कुंडी बघून घालायचं. एकदा भरपूर पाणी घालून निथळू द्या आणि कुंडी दोन्ही हातांनी उचलून वजन लक्षात ठेवा, मग दोन-तीन दिवसांनी परत उचला, परत उचला, एक दिवस ती अशी हलकी लागेल की तुम्हीच दचकाल. तो पाण्याचा दिवस. कुंडी मोठी असेल तर बोट दोन पेरं आत घाला, गार-ओलं लागलं तर तांब्या परत ठेवायचा.

पुढच्या वर्षी रात्रीचं तापमान 12-13 अंशांच्या खाली जायच्या आधीच झाडं आत घ्या, त्याआधी आठ-दहा दिवस बाहेरच पण दाट सावलीत ठेवा म्हणजे धक्का कमी बसतो. आत घेताना पानं उलटी करून बघायला विसरू नका, लाल कोळी आणि पिठ्या ढेकूण पानांच्या मागे आणि बेचक्यात बसून फुकटात घरात येतात.

लॉन पिवळं पडत चाललंय. युरिया मारू का? शेजारच्यांचं तर अजून हिरवंगार आहे.

थांबा, आधी गवत कुठलं ते बघा. हरळीच्या जातीचं किंवा झोयसिया असेल तर ते उन्हाळ्याचं गवत, जमीन गार झाली की ते झोपतं आणि पिवळं-तपकिरी होतं, मेलेलं नसतं. त्याला आत्ता युरिया मारून उठवलंत तर कोवळे फुटवे येतील आणि पहिल्याच कडाक्यात करपतील. त्याला झोपू द्या. शेजाऱ्यांचं बहुतेक फेस्क्यू किंवा राय असणार, ते थंड हवेचं गवत, त्याचा हाच खरा सीझन. वर पान हळू वाढतं पण खाली मुळं जोरात धावतात, म्हणून खत, नवीन बी टाकणं, जमीन भोसकून मोकळी करणं ही सगळी कामं त्याला आत्ताच करायची. जमीन चालून चालून दगडासारखी झाली असेल तर पोकळ दाताच्या काट्याने 5 ते 8 सेंटिमीटर खोल भोकं पाडा, मातीच्या गुठळ्या वर पडतील त्या तशाच राहू द्या, विरघळतात. साध्या टोकदार काट्याने भोकं पाडली तर माती बाजूला दाबली जाते फक्त, पण काहीच नसण्यापेक्षा बरं.

कापणी दोन्ही गवतांची चालू ठेवा जोवर वाढतंय तोवर, पण एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशपेक्षा जास्त नाही. आता थंडीत कोण कापणार म्हणून एकदाच टक्कल करून टाकणारे लोक मला माहितीयत, तसं करू नका.

लॉनवरची गळलेली पानं उचलू की खत होईल म्हणून राहू देऊ?

थोडी असतील तर त्यांच्यावरून मशीन फिरवा, चुरा होऊन गवतात उतरतो आणि खरंच खत होतं. पण वरून बघताना गवत दिसेनासं झालं असेल तर दाताळ्याने ओढा, ओल्या पानांचा थर चिकटला की खाली उजेड नाही, हवा नाही, बुरशी धरते. ओढलेली पानं कंपोस्टमध्ये टाका, जाळू नका.

घरातल्या कुंड्यांभोवती बारीक काळी चिलटं उडतायत, फळं झाकली तरी जात नाहीत. औषध कुठलं मारू?

फळांचा काही संबंध नाही दादा, ही मातीतली चिलटं. माझ्याकडे पण झाली होती, मी उडणारी मारत बसलो महिनाभर आणि रोज तेवढीच हजर. कारण उडणारं चिलट आठवडाभर जगतं, पण अळ्या मातीच्या वरच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये बुरशी आणि कुजकं खात असतात, आणि ती जागा सतत ओली ठेवत होतो मीच. म्हणजे औषधाआधी पाणी आवरा, वरचा थर पूर्ण कोरडा होऊ द्या. पिवळे चिकट कागद कुंडीत खोचा, त्याने किती कमी झाली ते पण कळतं. तरी नाही हटली तर बीटीआय नावाचा जिवाणू मिळतो, डासांच्या अळ्यांसाठी वापरतात तोच, पाण्यात मिसळून घालायचा. अंड्यापासून चिलट व्हायला 3-4 आठवडे लागतात, त्यामुळे एकदा घालून सोडून दिलं असं चालत नाही.

काका, मी आत्ता सगळ्या झाडांची कुंडी बदलू का? सुट्टी आहे मला.

नको गं, सुट्टीत दुसरं काहीतरी कर. झाड वाढत नसताना मोठी कुंडी दिली की जास्तीची माती ओली बसून राहते. मुळं कुजलेली असतील तरच आत्ता हात लाव. पानांवरची धूळ ओल्या फडक्याने पूस, कमी उजेडात तेवढाच फायदा.

ख्रिसमस कॅक्टस चार वर्षांत एकदाही फुलला नाही. टीव्हीच्या खोलीत छान ठेवलाय.

तिथेच घोळ आहे. त्याला कळ्या धरायला सलग 12 ते 14 तासांची काळोखी रात्र लागते, अशी सहा-आठ आठवडे, आणि तुम्ही रात्री अकरापर्यंत दिवा लावून बसता, त्याची रात्र होतच नाही. न वापरातल्या, जरा गार खोलीत न्या, रात्री 10-15 अंश असेल तर उत्तमच, दिवसा मात्र उजेड हवा. कळ्या दिसायला लागल्या की फुलं येईपर्यंत कुंडी फिरवायची पण नाही, टपाटपा गळतात.