भाषणात आगवाल्याचं नाव घे

बेटा,

तुझा मेसेज वाचला. 5 एप्रिलला मेरिटाइम डेच्या कार्यक्रमात महायुद्धात बुडालेल्या व्यापारी जहाजांवरच्या खलाशांवर तू बोलणार, आणि घरचे म्हणतात आपल्या अमळनेरला समुद्र कुठे, ते कोकणातल्या लोकांनी करावं. त्यांना सांग, आपल्याकडचा कापूस जिनिंगमधून रेल्वेने मुंबई बंदरात जायचा आणि तिथून पुढे याच लोकांच्या जिवावर समुद्रापार जायचा, एवढं नातं पुरे.

पण ड्राफ्ट मला पटला नाही रे. त्यात वीर, बलिदान, अमर असं सगळं आहे, माणूस एकही नाही. मी इंजिन रूममध्ये नोकरी केली म्हणून मला आधी आगवाला, म्हणजे बॉयलरच्या भट्टीत कोळसा टाकणारा खलाशी, दिसतो. तेव्हा कितीतरी जहाजं कोळशावर चालायची, आगवाला पाण्याच्या पातळीखाली बॉयलरसमोर घामाने भिजलेला, अंगावर पातळ कपडा, टॉर्पेडो इंजिन रूमपाशी लागला की त्याला वर यायलाही वेळ नाही, आणि आलाच वर तर समोर उत्तर अटलांटिकचं गारठवणारं पाणी. 17 सप्टेंबर 1940 च्या रात्री सिटी ऑफ बनारस हे जहाज जर्मन पाणबुडीने बुडवलं, त्यावर इंग्लंडहून कॅनडाला पाठवलेली लहान मुलं होती म्हणून लोकांना ते माहीत आहे, त्या मुलांचं दुःख आहेच, पण त्याच जहाजावर आपले दीडशेवर खलाशी होते आणि त्यातले शंभराच्या आसपास गेले. एक बोट 46 माणसं घेऊन आठ दिवस भरकटली, त्यात बहुतेक आपलेच. हे सांग ना.

गेरसोप्पा जहाज पण घे. फेब्रुवारी 1941 मध्ये आयर्लंडजवळ बुडालं, वाचला फक्त एक अधिकारी. 2011 मध्ये जहाज सापडलं ते आतल्या चांदीसाठी शोधलं म्हणून, पुढे टनांनी चांदी वर काढली. ती किती टन ते एका मिनिटात सापडेल, आगवाल्यांची नावं मात्र तुला बसून शोधावी लागतील, आणि माझ्या मते तेच तुझं खरं काम आहे.

पगाराचंही बोल, लाजू नको. गोऱ्या खलाशाच्या निम्म्याहूनही कमी मिळायचा, 1939 मध्ये पगारवाढीसाठी संप केले तर कित्येकांना तुरुंगात टाकलं. हे वगळून नुसती श्रद्धांजली वाहिली तर ती मला खोटी वाटते.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपण पितरांसाठी घागर भरतो, आगारी म्हणजे अग्नीत घास टाकतो, तेव्हा आजी एकेकाचं नाव घेते ना, सगळे पितर असं मोघम नाही म्हणत. यांना तर कबर नाही की समाधी नाही. यातले बरेच मुसलमान होते, कोकणातले, आताच्या बांगलादेशातल्या सिल्हेटचे, काही गोव्याचे ख्रिश्चन. तू त्यांची नावं नीट उच्चारून वाच, अडखळलास तरी चालेल.

मुंबईत मस्जिद बंदरला सेलर्स होममध्ये यांचं स्मारक आहे. पहिल्या युद्धातले 2,000 च्या वर आणि दुसऱ्यातले 6,000 च्या वर, कुठेच कबर नसलेले. दुसऱ्या युद्धातल्यांचं तसंच स्मारक चितगावलाही आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन, म्हणजे युद्धात गेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था, तिच्या साइटवर बॉम्बे मेमोरियल टाकून शोध, एकच जहाज निवड, त्यावरचे पाच जण घे, प्रत्येकाचं नाव, काम, वय असेल तर वय, गाव लिहिलं असेल तर गाव. स्पेलिंग इंग्रज कारकुनांनी ऐकून लिहिलेली आहेत, तेव्हा कोणाला तरी जाणकाराला विचारून घे, स्वतः अंदाजाने बदलू नको.

सुट्टीत मुंबईला जाशील तर सीएसएमटीपासून एकच स्टेशन आहे, आत जायला परवानगी लागते का ते आधी विचारून घे. पाच नावं झाली की ड्राफ्ट परत पाठव, जहाजाच्या कामाबद्दलचं काही चुकलं असेल तर मी बघतो.