सगळ्या टेस्ट पास होणाऱ्या क्रिप्टो लायब्ररीतही (माहिती गुप्त ठेवणाऱ्या तयार कोडमध्येही) कुणी मुद्दाम खोट ठेवलेली असू शकते का? ती कशी शोधायची?

असू शकते, आणि टेस्टच्या नाकावर टिच्चून असते.

माझे वडील कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात कास्टिंग (ओतीव धातूचे भाग) तपासायचे. ब्लो होल, म्हणजे हवेचं भोक, पडलेला जॉब ते बाजूला काढायचे, पण चिडायचे नाहीत. भट्टीचं काम आहे, पडतात. भोकात लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारलेला सापडला, की मात्र अख्खा लॉट परत. डोळ्याला तो गुळगुळीतच दिसायचा. हातोडीनं ठोकत गेलं की त्या जागी बद्द वाजायचं.

टेस्ट म्हणजे ते डोळ्यानं बघणं. ड्युअल ईसी डीआरबीजी हा रँडम आकडे काढणारा अल्गोरिदम अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनं 2006 मध्ये मानकात घेतला. त्यात पी आणि क्यू असे दोन बिंदू दिलेले, ते कुठून आणले याचा पत्ता नाही. 2007 मध्ये शुमो आणि फर्ग्युसन या संशोधकांनी दाखवलं, की या दोघांमधलं नातं ज्याला ठाऊक असेल त्याला जेमतेम 32 बाइट आउटपुटवरून पुढचे सगळे आकडे काढता येतील. कोडमध्ये चूक शोधून काय सापडणार? कोड बरोबरच होता. मानकातून तो काढायला 2014 उजाडलं.

म्हणून कोडमध्ये आयता आकडा दिसला की आधी त्याचं मूळ गाव विचारा. एसएचए-256 या हॅश अल्गोरिदमचे (डेटाचा ठसा काढणाऱ्या) 64 स्थिरांक पहिल्या 64 मूळ संख्यांच्या घनमुळांतून येतात. घरी बसून पडताळता येतात.

दुसरी जागा म्हणजे बिल्ड, कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवणं. मार्च 2024 मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरला एसएसएच (दूरच्या मशीनवर सुरक्षित शिरायची सोय) लॉगिन अर्धा सेकंद हळू वाटलं. बद्द आवाज, बघा! खोदल्यावर एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीच्या टेस्ट फाइलींत दडवलेला माल निघाला. तो जोडणारी एम4 (बिल्डची स्क्रिप्ट) मधली ओळ गिटमध्ये, म्हणजे कोडच्या उघड साठ्यात, नव्हतीच, फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये (वाटायच्या गाठोड्यात) होती.

तेव्हापासून मी नवी आवृत्ती घेताना टारबॉल आणि गिटचा टॅग (त्याच आवृत्तीची खूण) शेजारी उघडून डिफ मारतो, म्हणजे फरक काढतो. कॉन्फिगरसारख्या आपोआप बनलेल्या फाइलींमुळे हजारो ओळींचा फरक येतो, डोळे लै दुखतात, आणि ‘हे काय नेहमीचंच’ म्हणून पुढं जावंसं वाटतं. लपवणारा नेमका तिथंच लपवतो. त्यामुळं त्या फाइली मी वाचत बसत नाही. पुसून टाकतो आणि आपल्या मशीनवर नव्यानं बनवतो.