बिलं पास करणाऱ्या पोराला पत्र

चि. बाळा,
सप्रेम सलाम.

तुझा लांबलचक मेसेज वाचला, लोकलमध्ये उभ्या उभ्या टाइप केलेला दिसतोय कारण अर्धे शब्द ऑटोकरेक्टने खाल्लेत, पण मुद्दा कळला. चर्चच्या तरुण संघाच्या शिबिरात कोणीतरी सांगितलं की ऑफिस हेच तुमचं सेवाक्षेत्र, आणि सोमवारी तू मरोळला परचेसच्या टेबलावर जाऊन बसलास आणि तुला कळेना आता नेमकं करायचं काय. डेस्कवर वचनाचं कॅलेंडर लावू का विचारतोस. लाव की, छान असतात ती. पण मी पण आयुष्यभर परचेसमध्येच होते, आणि ज्या साहेबाच्या टेबलावर काचेखाली तेविसावं स्तोत्र होतं त्याच्याकडेच बिलं सगळ्यात जास्त तुंबायची.

म्हणून मी उलटं विचारते. तुझ्या ड्रॉवरमध्ये आत्ता किती बिलं पडून आहेत?

साकीनाक्याचा एखादा गाळेवाला डोळ्यांपुढे आण. तुमचं टर्निंगचं जॉबवर्क करतो, दोन-तीन कामगार, एक जुनं लेथ. माल आला, चलनावर सही झाली, जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची नोंद निघाली, क्वालिटीने ओके दिलं, आणि बिल कुठे अडकलंय तर तुझ्या सहीवर, कारण तू चहाला गेलास मग मीटिंग आली मग राहूनच गेलं. तिकडे शनिवार आला की तो माणूस पगारासाठी मेव्हण्याकडून पैसे उचलतो. आपल्याला हे दिसत नाही, आपल्याला फक्त स्क्रीनवर 'पेंडिंग' दिसतं. बायबलमधलं लेवीय १९:१३ काढून वाच, मजुराची मजुरी सकाळपर्यंत तुझ्याकडे राहू देऊ नको असं सरळ लिहिलंय. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायात तर सूर्य मावळायच्या आत दे म्हटलंय, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशात अडकलाय. आता कंपनीत सूर्यास्ताला पेमेंट होत नाही हे मलाही माहितेय. पण सरकारचा कायदा तरी वाचलायस का? २००६ चा एमएसएमई कायदा म्हणतो की मायक्रो किंवा स्मॉल उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे, उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. आणि आता इन्कम टॅक्सच्या नियमामुळे (१९६१ च्या कायद्यातलं कलम ४३बी(एच)) वेळेत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून धरता येत नाही, त्यामुळे तुझ्या अकाउंट्सवाल्यांचे कान आपोआप टवकारतात. ह्याचा उपयोग कर. साहेबांपुढे लेवीय काढलंस तर ते हसतील, इन्कम टॅक्सचा नियम काढलास तर फाइल हलेल, आणि गाळेवाल्याला पैसे मिळाल्याशी मतलब. ह्याला कोणी लबाडी म्हणालं तर म्हणू दे, मला तसं वाटत नाही.

दुसरं, पाकीट. दिवाळी जवळ येतेय, तुला मिठाईचे बॉक्स येतील आणि एखाद्याच्या तळाशी चांदीचं नाणं किंवा गिफ्ट व्हाउचर निघेल. मिठाई सगळ्यांच्या टेबलावर फिरव, नाणं त्याच दिवशी परत आणि बॉसला एक ओळीचा मेल. कारण देताना मात्र 'मी ख्रिश्चन आहे म्हणून घेत नाही' असं चुकूनही बोलू नकोस. शेजारच्या टेबलावर माळ घातलेला वारकरी बसलेला असतो, त्यानेही आयुष्यात कधी घेतलेलं नसतं, त्याने काय समजायचं? 'मला नको' एवढं पुरतं. पहिल्यांदा परत केलंस की मार्केटमध्ये आपोआप कळतं, पुढच्या वर्षी कोणी आणतच नाही. (थोडं वाईट वाटतं तेव्हा, खोटं कशाला बोलू.)

आणि ज्याचं बिल तुझ्या हातात आहे त्याला चर्चची पत्रिका देऊ नकोस, ख्रिसमसच्या कार्यक्रमाला ये म्हणून आग्रहही नको. तो येईल रे, नक्की येईल, सहकुटुंब येईल, पण तो प्रभूसाठी येणार नाही, पर्चेस ऑर्डरसाठी येईल. ज्याला नाही म्हणायची सोय नाही त्याला आमंत्रण देणं म्हणजे जबरदस्तीच. ह्यावर आमच्या मंडळीत माझे बऱ्याच जणांशी खटके उडालेत आणि मी माझं मत बदललेलं नाही. त्याने आपणहून विचारलं तर निवांत बोल, लाजू नकोस. पण आधी त्याचं पेमेंट कर.

आता तुझा खरा प्रश्न, जो तू मेसेजच्या शेवटी हळूच टाकलास. खंडेनवमीला मशीनची पूजा, झेंडूची तोरणं, नारळ, आणि परचेसवाल्यांनी समोर उभं राहायचं. काय करू?

२ राजे ५ वाच. नामान, अरामचा सेनापती, कुष्ठ बरं झालं आणि म्हणाला आजपासून मी परमेश्वरालाच मानणार. पण लगेच त्याला ऑफिस आठवलं! माझा राजा रिम्मोनच्या देवळात जातो तेव्हा माझ्या हातावर टेकतो, त्याच्याबरोबर मलाही वाकावं लागतं, तेवढ्याची क्षमा व्हावी. त्याला बरं करणारा संदेष्टा अलीशा काय म्हणाला? शांतीने जा. वाक म्हणाला नाही, वाकू नको म्हणाला नाही, नोकरी सोड तर अजिबात नाही. मला ते उत्तर फार आवडतं कारण त्यात त्या माणसावर विश्वास टाकलाय. पण प्रेषित पौल करिंथकरांना मूर्तीला वाहिलेल्या अन्नाबद्दल लिहितो तेव्हा दुसऱ्याच्या विवेकाचा विचार कर म्हणतो, तेही सोडून चालणार नाही. मी स्वतः काय करायचे सांगते. उभी राहायचे, कामगारांच्या बरोबरीने, कारण त्या मशीनवर त्यांची बोटं जातात आणि वर्षातून एक दिवस ते तिला हात जोडतात, त्या वेळी आपण पॅन्ट्रीत लपून बसणं मला बरं वाटायचं नाही. आरती हातात घेत नव्हते. कोणी ताट पुढे केलं तर 'तुम्ही करा भाऊ' म्हणायचे, हसून, आणि नंतर लाडूच्या प्लेटा वाटायला सगळ्यात पुढे. तुझे पाळकसाहेब वेगळं सांगतील कदाचित, त्यांच्याशी बोल, तुझं मन खात असेल तर लांब उभा राहा. फक्त त्या दिवशी खोटी सिक लीव्ह टाकू नकोस.

तेव्हा कोणीतरी म्हणेलच, 'अरे तू ख्रिश्चन? आडनावावरून वाटत नाही! गोव्याचे का?' चिडू नकोस. अमेरिकन मराठी मिशन मुंबईत १८१३ ला आलं, आपण मराठीत प्रार्थना करतोय ते काही कालपासून नाही, हे गंमतीत सांग नि पुढे जा.

रविवारचं काय ते थोडक्यात. वर्षअखेरीला स्टॉक टेकिंग असेल तर रविवारी जावं लागेल, जा. पण दर रविवारी जायला लागलास तर नोकरीत काहीतरी गडबड आहे किंवा तुझ्यात. लोकलचा मेगाब्लॉक हे उपासनेला न यायचं कारण होत नाही, बेस्टच्या बस आहेत.

आणि ते पूर्णवेळ सेवेचं. नोकरी सोडून बायबल कॉलेजला जावं असं शिबिरातून आल्यापासून वाटतंय म्हणालास. खरंच बोलावणं असेल तर मी कोण अडवणारी, पण ऑफिसचा कंटाळा आणि बोलावणं ह्यांत गल्लत होते बरं का, विशेषतः अप्रेझलच्या महिन्यात. पौल करिंथमध्ये अक्विला आणि प्रिस्किल्लाबरोबर राहून तंबू शिवायचा. लूक ३ मध्ये जकातदार बाप्तिस्मा घ्यायला येतात आणि आम्ही काय करावं विचारतात, तर योहान त्यांना नाका सोडा म्हणत नाही, ठरलंय त्याहून जास्त घेऊ नका म्हणतो. आणि आपल्या पंडिता रमाबाई बघ. १८८९ ला मुंबईत शारदा सदन काढलं, पुढे केडगावला मुक्ती मिशन, तिथे प्रार्थना तर होतीच पण हातमाग, तेलघाणा, शेती, छापखाना सगळं होतं. बाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं ते तिथल्याच छापखान्यात तिथल्या बायका-मुलींनी छापलं. आता मला सांग, तिथे छपाईचे खिळे जुळवणारी मुलगी सेवेत होती का नोकरीत? मला तर हा प्रश्नच त्या आवारात कोणाला पडला असेल असं वाटत नाही.

वर्षभर थांब. ड्रॉवर रिकामा ठेवायला शीक, रेट घासून घ्यायला शीक पण इतकाही नको की समोरचा मालात चोरी करेल. मग ये, बसून बोलू, तुझी इच्छा तेव्हाही तशीच असेल तर फॉर्म मीच आणून देईन.

आणि ते एक कोटेशन तुला मागच्या तारखेचं मागून घ्यायला सांगितलंय म्हणालास ना, नियमाची तीन कोटेशन पुरी दाखवायला? त्यावर तोंडी काही बोलू नकोस. 'सर, ह्यावर आजची तारीख टाकून घेऊ ना?' असा साधा मेल कर. बहुतेक वेळा मेल बघितला की माणसं स्वतःच म्हणतात राहू दे. तसं नाही म्हणाले, तर रात्री मला फोन कर, अकरापर्यंत जागी असते.

तुझी,
मावशी